खांद्याआडचा सातवा

अप्पांचं आणि माझं सीटी स्कॅनवरून वाजतं, हे आमच्या हॉस्पिटलातल्या पायपुसण्यालासुद्धा ठाऊक आहे. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची उभी हयात इथल्या एक्स-रे विभागात गेली. मी त्याच मजल्यावर, पलीकडच्या खोलीत, सीटीच्या मशीनवर बसते. दोन खोल्यांमध्ये एकच भिंत आहे, पण अप्पांच्या मनात ती चांगली हातभर जाड आहे.

"आम्ही एका फोटोत रोग हुडकायचो," असं ते निवृत्त झाल्यावरही ऐकवत राहिले. "तुम्ही माणसाचे शेकडो काप करता आणि मग त्या कापांत स्वतःच हरवता. डोकं वापरायचा कंटाळा, दुसरं काय!"

यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अर्धी आग त्यांचं अर्धं खरं असतं म्हणून. घोटा मुरगळलेला धट्टाकट्टा माणूस माझ्या दाराशी येऊन "ताई, सीटीच काढून टाका, म्हणजे मनात शंका नको," असं म्हणतो तेव्हा मीच त्याला साध्या एक्स-रेला पिटाळते. मनातली शंका सीटीत दिसत नाही. एका स्कॅनमध्ये साध्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त किरण अंगात जातात, आणि मनगटाचं हाड मोडलंय का, छातीत पाणी झालंय का, हे पाहायला साधा फोटो पुरतो. चटकन होतो, बिचारा काही मागत नाही.

पण एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. अंगातलं पुढचं, मागचं, मधलं सगळं एकाच पडद्यावर एकावर एक पडतं. एकामागे एक अशा दोऱ्यांवर कपडे वाळत घातले आणि समोरून पाहिलं, तर जाड चादरीमागचा रुमाल फाटलाय की धड आहे ते कसं कळणार? सीटीचं कडं माणसाभोवती गरगर फिरतं, सगळ्या बाजूंनी सावल्या घेतं, आणि संगणक त्यांतून एकेक काप सुटा करून देतो. चादर बाजूला आणि रुमाल हातात.

मानेच्या बाबतीत ही चादर म्हणजे खांदे. मानेत मणके सात. बाजूनं फोटो काढला की वरचे सहा छान दिसतात आणि सातवा खांद्यांच्या पांढऱ्या ढिगामागे दडी मारून बसतो. अप्पांच्या काळी त्यावर उपाय ठरलेला होता. पेशंट उताणा, कोणीतरी त्याच्या पायाशी उभं राहायचं, त्याची दोन्ही मनगटं धरायची आणि पायांच्या दिशेनं ओढायची. खांदे खाली उतरतात, सातवा वर डोकावतो, तेवढ्यात फोटो. तेव्हा सगळीकडे तसंच करत, पुस्तकातही तसंच होतं. पण अप्पांचा त्यात हात बसलेला होता. "अप्पांनी ओढलं आणि सातवा दिसला नाही, असं व्हायचं नाही," असं जुने डॉक्टर म्हणायचे, आणि अप्पा ते वाक्य घरी आणून आम्हाला ऐकवायचे. दादा आणि मी लहानपणी एकमेकांची मनगटं धरून "सातवा, सातवा" असं खेळायचो. आमच्या घरातले खेळसुद्धा असले.

त्या दिवशी सकाळी अप्पा शिडीवरून पडले. पडदा लावायला चढले होते. "मी लावतो, तुम्ही उतरा," असं दादा खालून सांगत होता, आणि माझा मोठा भाऊ खालून जे सांगतो ते अप्पांनी आजवर कधीच ऐकलेलं नाही. ते मागच्या मागे पडले, खुर्चीच्या कडेवर मान आपटली. दादानं अँब्युलन्स बोलावली, एवढं शहाणपण केलं. तिथल्या माणसांनी मानेला कडक पट्टा बांधला आणि फळीवर झोपवून त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं.

मी कॅज्युअल्टीत धावत गेले. अप्पा छताकडे बघत पडले होते आणि नर्सला पट्टा कसा उलटा बांधलाय ते समजावत होते. उलटा नव्हता.

"काही झालेलं नाही," मला पाहताच ते म्हणाले. "मान जरा अवघडली आहे. ती तर कायमचीच आहे."

ते खरं होतं. कित्येक वर्षं त्यांची मान वळत नव्हती. कोणी हाक मारली की ते सगळ्या अंगासकट वळायचे, कपाट सरकवल्यासारखे. आम्ही हसायचो.

कॅज्युअल्टीची डॉक्टर तरुण होती, पण कच्ची नव्हती. तिनं सरळ सांगितलं, "वय आहे, उंचावरून पडलेत, मान आधीच ताठ आहे. सीटीच करू या. तोवर कोणी हलवायचं नाही."

"सीटी कशाला? आधी साधा फोटो काढा," अप्पा म्हणाले. "त्यात काही दिसलं तर पुढचं बघू."

माझ्या मशीनवर त्या वेळी छातीत कळ येऊन कोसळलेला एक माणूस येत होता. मोठी रक्तवाहिनी आतून फाटली असावी, असा संशय होता. त्याचा नंबर अप्पांच्या आधी, यात वाद नव्हता. डॉक्टरनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "ठीक आहे. तोवर जागेवरच, पट्टा न काढता, बाजूनं एक फोटो घेऊ. बाकी काही नाही हं, अप्पा."

"बाकी काय करायचंय?" अप्पा म्हणाले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

एक्स-रेच्या खोलीत आमचा फिल्म्या होता. फिल्म्या हे नाव त्याला अप्पांनीच दिलेलं. नवखा असताना अंधारखोलीचं दार उघडून त्यानं धुवायला टाकलेल्या सगळ्या फिल्म काळ्याठिक्कर केल्या होत्या. आता त्याचे केस पिकलेत, फिल्म जाऊन संगणक आला, हाताखाली माणसं आली, तरी अप्पा समोर दिसले की तो आपोआप सरळ उभा राहतो. मी त्याला बजावलं, "एक फोटो. पट्ट्याला हात लावायचा नाही. आणि ते काय सांगतील ते ऐकायचं नाही."

"नाही ताई, नाही," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर आधीच घाम होता.

मी माझ्या खोलीत परतले. छातीचा पेशंट टेबलावर होता, हातात सुई, सुईला औषधाची नळी. या तपासणीत रक्तात एक औषध सोडावं लागतं. ते मशीननं जोरात आत जातं, हृदयातून मोठ्या वाहिनीत पोचतं, आणि ते तिथं असतानाच स्कॅन घ्यावा लागतो. जरा आधी घेतला तर वाहिनी भरलेली नसते, जरा उशीर झाला की औषध पुढे निघून गेलेलं असतं. पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा तेवढं औषध, तेवढे किरण, आणि या माणसाकडे तेवढा वेळ नव्हता. त्यामुळे एकदा औषध सुरू केलं की काचेपलीकडून डोळे हलवायचे नाहीत, हा माझा नियम.

मी औषध सुरू केलं. आणि खोलीतला हॉस्पिटलांतर्गत फोन वाजला.

घेणार नव्हते. पण त्याच्या पट्टीवर एक्स-रेच्या खोलीचा नंबर उमटला होता. डोळे पडद्यावर ठेवूनच मी स्पीकरचं बटण दाबलं.

"ताई," फिल्म्या कुजबुजत होता. "फोटो आला. अप्पांनाही दाखवला. सहा चांगले दिसतात. सातवा खांद्यात गेलाय. अप्पा म्हणतात..."

"काय म्हणतात?"

"ओढा म्हणतात."

मागून अप्पांचा आवाज आला, खणखणीत. "तिला कशाला विचारतोस? मी सांगतोय ना!"

"डॉक्टर कुठे आहेत?"

"दुसरी केस आली, तिकडे पळाल्या. मी नाही ओढत म्हटलं ताई, खरंच. मग त्यांनी तुमच्या दादांना सांगितलं. दादांनी मनगटं धरली आहेत."

दादा! ज्या माणसानं आयुष्यात अप्पांना एकदाही नाही म्हटलेलं नाही, लग्नाच्या कपड्यांचा रंगसुद्धा ज्यानं अप्पांना विचारून ठरवला, तो त्यांच्या पायाशी उभा होता आणि अप्पांची मनगटं त्याच्या हातात होती. समोर पडद्यावर औषध खांद्याच्या शिरेतून हृदयाकडे सरकत होतं.

"दादा!" मी ओरडले. "हात सोड!"

"अगं, हलकंच ओढायचंय म्हणतात," दादाचा आवाज लांबून आला. "लहानपणी आपण नाही का..."

"तो खेळ होता! सोड म्हणते ना!"

"ते रागावतील गं."

"रागावू दे!"

"तू तिकडं बसून मला शिकवणार?" अप्पा गरजले. "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी मानांचे फोटो काढतोय. मणक्यांची रेषा सरळ आहे. पुढची सरळ, मागची सरळ. फक्त सातवा बघायचाय. तो दिसला की मी चालत घरी जाणार. तुझ्या त्या कड्यात मला घालायचं नाही, सांगून ठेवतो."

औषध हृदयात पोचलं. उजव्या बाजूनं निघालं. मला आता फोनवर वाद घालायला वेळ नव्हता, आणि वाद घालून अप्पा कधी ऐकत नाहीत. तरी एक प्रश्न मी विचारला.

"अप्पा, बोटांना मुंग्या येताहेत का?"

पलीकडून उत्तर नाही.

अप्पांना कधी उत्तर सुचलं नाही असं मला आठवत नाही. प्रश्नाला प्रश्न, टोमण्याला टोमणा, काही ना काही ते देतातच. त्या गप्प बसण्यानं मला सगळं सांगितलं. मानेतल्या मज्जातंतूला धक्का बसला होता. त्यांना ते कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे त्यांना कोणाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून घाई होती. घाबरलेला माणूस आपल्याला येतं तेच करायला धावतो, आणि अप्पांना खांदे ओढता येत होते.

पडद्यावर मोठी वाहिनी पांढरी होऊ लागली. आता. मी माइकचं बटण दाबलं आणि दिवसातून शंभरदा म्हणते ते त्याच आवाजात म्हटलं, "श्वास घ्या. रोखून धरा. अजिबात हलू नका."

टेबल सरकलं. कडं फिरलं. फोनचा स्पीकर चालूच होता.

पलीकडेही कोणी हललं नाही. मला नंतर फिल्म्यानं सांगितलं, दादानं खरोखर श्वास रोखला होता, गाल फुगवून, अप्पांची मनगटं हातात धरून. आणि अप्पांनीही. आयुष्यभर हे शब्द दुसऱ्यांना सांगितलेला माणूस ते ऐकून जागच्या जागी थिजला होता. फिल्म्यानं तेवढ्यात पुढे होऊन दादाचे हात मनगटांवरून सोडवले. अप्पांसमोर त्यानं केलेली ही पहिली आगळीक.

"श्वास सोडा," मी म्हटलं, आणि तिघांनी सोडला असावा.

माझ्या पेशंटची वाहिनी फाटलेली होती. काप उलगडताच फट स्पष्ट दिसली, आणि बाहेर वाट पाहत उभ्या असलेल्या डॉक्टरांनी त्याला तसाच वर ऑपरेशनला नेला. त्याला टेबलावरून उचलेपर्यंत मला खोली सोडता येत नव्हती. तो जेमतेम दाराबाहेर गेला आणि मी पळाले.

एक्स-रेच्या खोलीत दादा भिंतीला पाठ लावून उभा होता, हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या पोरासारखा. फिल्म्या संगणकाशी. मधे फळीवर अप्पा, नजर छताला.

मी आधी फोटो पाहिला. तो खोटा नव्हता. वरचे सहा मणके एकाखाली एक, पुढची रेषा सरळ, मागची सरळ. त्याखाली खांद्यांचा पांढरा ढीग, आणि सातव्याच्या जागी धुकं. सहाव्याच्या खालच्या कडेला मला किंचित पायरी असल्यासारखं वाटलं. पण भीतीनंही पायऱ्या दिसतात, हे मला माहीत आहे.

"सरळ आहे की नाही?" अप्पा म्हणाले.

"दिसतंय तेवढं सरळ आहे."

"मग ओढायला काय हरकत होती?"

मी त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या दोन्ही तळव्यांत माझी दोन-दोन बोटं ठेवली. "दाबा," मी म्हटलं.

"हे काय पोरखेळ..."

"दाबा ना, अप्पा."

त्यांनी दाबलं. उजव्या हातानं माझी बोटं कळवळली. अप्पांच्या पंजाची ताकद आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण पाठीवर पडलेली आहे. डाव्या हाताची बोटं मात्र माझ्या बोटांभोवती नुसती येऊन बसली. करंगळी तर आलीच नाही. ती बाजूला तशीच राहिली, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे छतावरून काढून माझ्याकडे आणले. त्यांना कळलं की मला कळलं. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती मी लपवूही शकले नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पडल्यापासून करंगळी झोपलीय. आता अंगठीचं बोटही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दादाला सांगू नकोस."

दादा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तो सगळं ऐकत होता.

"ने," अप्पा म्हणाले. "ने तुझ्या त्या कड्यात."

कॅज्युअल्टीची डॉक्टर परत आली होती. काय घडता घडता राहिलं ते फिल्म्यानं तिला सांगितलं. ती सरळ अप्पांच्या डोक्याशी जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं पकडून ठेवलं. ते तिनं पुढे टेबलावर घालेपर्यंत सोडलं नाही. आम्ही फळीसकट त्यांना उचललं. कोणी "सावकाश" म्हटलं नाही, कारण सगळे आपापल्या परीनं सावकाशच होते. दरवाज्याच्या उंबऱ्याशी चाक जरासं अडकलं आणि सगळ्यांच्या तोंडातून एकदम हवा निघाली.

टेबलावर त्यांना ठेवलं. मी पट्टे बांधले. एरवी हे काम मी डोळे मिटून करते, पण त्या दिवशी माझी बोटं बक्कल शोधत होती.

"हात कुठे ठेवू?" अप्पांनी विचारलं.

"अंगाला लावून. जसे आहेत तसेच."

"खांदे आड येतील."

"येऊ देत. एका बाजूनं आड आले तर दुसऱ्या बाजूनं दिसेल. ते फिरतं ना. खांद्यांपाशी जरा जास्त किरण लागतात, एवढंच."

"ओढायचंच नाही?"

"काही ओढायचं नाही."

मी काचेमागे गेले. माइकचं बटण दाबलं आणि म्हटलं, "अप्पा, गिळू नका. हलू नका." काचेपलीकडे त्यांचे पाय दिसत होते. अंगठे वर करून ठेवलेले, मला दिसावेत म्हणून. हलताहेत, एवढं सांगण्यासाठी.

स्कॅन व्हायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं ज्यावरून भांडलो ते चार श्वासांत संपलं.

पडद्यावर आधी आडवे काप आले, वरून खाली. पहिला मणका, दुसरा, तिसरा, पुढे पुढे. अप्पांची मान का वळत नव्हती तेही दिसलं. वयानं मणक्यांच्या पुढून हाडाचा लेप चढला होता, आणि सुटे मणी असायच्या जागी अख्खी मान एकसंध काठी झाली होती. मी तेच काप संगणकाला उभे मांडायला सांगितले, बाजूनं, एक्स-रेमध्ये दिसतं तसे, पण खांद्यांशिवाय.

काठी सातव्यात मोडली होती. पुढून मागेपर्यंत, आरपार. दोन तुकडे एकमेकांवर नुसते टेकलेले होते. मागच्या बाजूला फट होती, आणि फटीला लागून मज्जारज्जू. ताठ काठी मोडली की ती धरून ठेवायला काहीच उरत नाही. जे काही धरून होतं ते म्हणजे पट्टा, डॉक्टरचे हात आणि खालची फळी.

कॅज्युअल्टीची डॉक्टर माझ्या मागे उभी होती. "बाप रे," ती म्हणाली आणि फोनकडे गेली.

मणक्यांचे सर्जन आले, बघून म्हणाले, "आजच बसवू. स्क्रू आणि पट्ट्या. पाय चालताहेत, हाताची ताकद बहुतेक परत येईल." मग सहज म्हणाल्यासारखे म्हणाले, "कोणी ओढाताण केली नाही हे बरं झालं. असली मान ओढली की दोन्ही तुकडे वेगळे होतात आणि मधली दोरी तुटते. पेशंट जिवंत राहतो, पण मानेखाली काही राहत नाही." दादा दारात होता. तो तिथंच खाली बसला. त्यानं आपले दोन्ही हात समोर धरले आणि नुसता त्यांच्याकडे बघत राहिला.

ऑपरेशनची तयारी होईपर्यंत अप्पांना माझ्याच खोलीच्या बाजूला पडद्याआड ठेवलं होतं. मी त्यांच्याजवळ उभी राहिले.

"दाखव," ते म्हणाले.

"काय?"

"काप. दाखव मला."

मी चाकांवरचा संगणकाचा छोटा पडदा ओढून त्यांच्या तोंडावर तिरका धरला. इतक्या वर्षांत त्यांनी सीटीचं चित्र कधी धड पाहिलं नव्हतं. आलं तरी "हं" म्हणून परत द्यायचे. आता ते बघत राहिले. मी एकेक काप पुढे नेत होते आणि ते डोळ्यांनी मोजत होते. मोडलेल्या जागी मी थांबले.

"तो सातवा?"

"हो."

"स्वच्छ दिसतो." मग, "ओढलं असतं तर?"

सांत्वन करायला माझ्याजवळ शब्द तयार होते. पण अप्पांना हाडांबाबत खोटं बोललेलं चालत नाही. "तुकडे वेगळे झाले असते," मी म्हटलं. "हातपाय गेले असते."

ते पडद्याकडेच बघत होते. "एक होता," ते म्हणाले.

मला कळेना कोण.

"म्हातारा. तुझ्या जन्माच्या आसपास. जिन्यावरून पडलेला. मान अशीच ताठ, माझ्यासारखी. आत आणला तेव्हा टेबल गार लागलं म्हणून त्यानं पाय झाडला. मला लाथच बसली. मी हसलो. मग मी ओढलं. फोटो फार सुंदर आला. सातवा अगदी पुस्तकातल्यासारखा. डॉक्टरांनी पाठ थोपटली. त्याला बाहेर नेताना पाय लोंबत होते. सगळे म्हणाले, पडल्यामुळे. दुखापत उशिरा उतरते कधी कधी. मीही तेच म्हणालो."

"अप्पा, तेव्हा रीतच तशी होती. कोणालाच..."

"त्याची मुलगी बाहेर बसली होती," अप्पा म्हणाले. "मीच तिला सांगितलं, फोटो छान आलाय."

त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी दोन्ही बाजूंनी कानांकडे वाहू लागलं. माझ्यासमोर ते कधी रडले नव्हते. आई गेली तेव्हासुद्धा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. आता त्यांना तोंड फिरवायचं होतं. पट्ट्याखाली त्यांचा जबडा ताठ झाला, मानेची शीर वर आली.

"मान हलवू नका, अप्पा," मी म्हटलं.

ते थांबले. त्यांना कुठेच वळता येत नव्हतं. मग मी कापांचा पडदा बंद केला आणि त्यांना नेईपर्यंत त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.